मराठवाड्याचा नाट्यहंगाम आणि आम्ही

दिवाळी संपत आली की नांदेडचे कुसुम सभागृह आणि लातूरचे दगडोजीराव देशमुख सभागृह यांच्याभोवती एक वेगळीच धावपळ सुरू होते. राज्य हौशी नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे वेळापत्रक येते. कोणत्या तारखेला कोणत्या संस्थेचे कोणते नाटक, लेखक कोण, दिग्दर्शक कोण, याचा एक साधा कागद दारावर लागतो. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर चार ओळी येतात. मुंबई-पुण्याच्या वाचकाला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या भागात हा कागद म्हणजे वर्षभराच्या नाटकाचा हंगाम असतो. व्यावसायिक नाटक इथे पाहुण्यासारखे येते आणि रात्रीतून निघून जाते. वर्षानुवर्षे टिकून राहिले ते हौशी नाटक.

या कागदाकडे आम्ही नेहमी दोन प्रकारे पाहत आलो. एक, नाटकाचा रसिक म्हणून. दुसरे, या मातीतला मराठी मुसलमान म्हणून. या यादीत आम्ही कुठे आहोत? लेखकांत आहोत का, नटांत आहोत का, की फक्त नाटकातल्या एखाद्या पात्रापुरते? येणाऱ्या हंगामाचा विचार करताना मागे वळून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण या प्रश्नाचे उत्तर आजच्या यादीत नाही, ते इतिहासात आहे.

शब्दांची साक्ष

आधी भाषेचीच साक्ष काढू. नाटकवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द पाहा. तालीम, पडदा, नक्कल, साज, तमाशा, शाहीर, आणि ज्याच्यामुळे आपले नाटक 'हौशी' ठरते ती हौस. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इतके मुरले की आज त्यांना कोणी परके म्हणणार नाही. भाषा शब्द घेते तेव्हा त्यामागे माणसांचा सहवास असतो. पेशवाईच्या काळात लावण्या-पोवाडे रचणारे सगनभाऊ शिकलगार मुसलमान होते, हे मराठी शाहिरीचा इतिहास सांगतोच.

संगीत नाटकाचेही तसेच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात पारशी कंपनीचा 'इंद्रसभा'चा प्रयोग पाहिला आणि त्यानंतर 'शाकुंतल' उभे राहिले, असे नाट्येतिहासकार सांगतात. ती 'इंदरसभा' लखनौच्या अमानत यांनी उर्दूत लिहिलेली. पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या सुवर्णकाळात बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष होते. रंगमंचासमोर बसून ज्यांनी मराठी पदांना ठेका दिला, सूर दिला, त्यांचीही ही रंगभूमी होती. हा वारसा मिरवण्यासाठी आम्ही सांगत नाही. मराठी रंगभूमीवर आम्ही काल-परवा आलेले पाहुणे नाही, एवढेच नोंदवायचे आहे.

दोन रूळ

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. राज्याच्या लोकसंख्येत मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा. कारभाराची भाषा मात्र १८८० च्या दशकात फारसीऐवजी उर्दू झाली, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठरले. मराठी शाळा थोड्या आणि छापखाने त्याहून थोडे. 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध परिपत्रकाने सभा-संमेलनांवर पूर्वपरवानगीचे जोखड घातले. चार माणसे जमवायची तर आधी दरबारी कारण सांगा, अशा राज्यात नाटकासारखी जमावाची कला वाढणार कशी?

तरी नाटक आले. आमच्या मते ते रेल्वेच्या रुळांवरून आले, आणि नांदेड व लातूर या दोन गावांची रेल्वे दोन वेगळ्या दिशांना जात होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९०० च्या सुमारास सिकंदराबाद ते मनमाड ही मीटरगेज लाईन सुरू झाली आणि नांदेड तिच्यावर आले. त्यामुळे नांदेडचे तोंड हैदराबादेकडे राहिले. हैदराबादेत उर्दू नाटकाची परंपरा जुनी. पहिल्या सालारजंगांच्या निमंत्रणावरून मुंबईची व्हिक्टोरिया नाटक मंडळी १८७२ साली तिथे जाऊन आली होती. पुढे कवी मखदूम मोहिउद्दीन यांनी बर्नार्ड शॉच्या नाटकावरून 'होश के नाखून' हे उर्दू नाटक तिथेच रचले. शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला नांदेडचा माणूस हैदराबादला जाई आणि येताना तिथली बोलण्याची लकब, मुशायऱ्याची गोडी, नाटकाची हौस घेऊन येई. यात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. उर्दूत शिकलेली आणि घरात मराठी बोलणारी एक अख्खी पिढी या भागात होऊन गेली.

लातूरचे तसे नव्हते. लातूरला बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज गाडी १९११ साली पोचली. ही लाईन आधी कुर्डुवाडी ते बार्शी होती, १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत गेली, आणि १९२७ मध्ये मिरजेला भिडली. म्हणजे लातूरचा व्यापारी डाळ, शेंगदाणा घेऊन ज्या दिशेला जात होता, ती दिशा मराठी मुलखाची होती. संस्थानाची हद्द ओलांडली की बार्शी, मग पंढरपूर, मग मिरज, आणि मिरजेला खेटूनच सांगली, जिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला खेळ केला.

या लहान गाडीच्या स्टेशनांची नावे आमच्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहेत. बार्शी हे शाहीर अमर शेखांचे गाव. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्या आवाजाने मैदाने भारून टाकली. पंढरपूर हे डॉ. जब्बार पटेल यांचे जन्मगाव. आणि लातूर म्हणजे फ. म. शहाजिंदे यांचे लातूर. १९९० साली सोलापूरला भरलेल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शाहिरी, दिग्दर्शन आणि कविता, तिन्ही क्षेत्रांत मराठीला आपले मानणारी ही तीन माणसे एकाच अडीच फुटी रुळाच्या काठावरची. हा योगायोग असेलही. पण ज्या वाटेने कीर्तनकार, फडवाले, नाटकवाले आणि वारकरी एकाच डब्यातून जातात, त्या वाटेवर मुसलमानाच्या पोरालाही मराठीचा लळा लागतो, असे आम्हाला वाटते. ती गाडी आता नाही. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला.

गावातला रंगमंच

शहरात नाटक येण्याआधी गावात खेळ होतेच. किनवट-माहूरकडे दिवाळीत दंडार रंगे. लोह्याजवळच्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते, तिथे घोड्या-गाढवांच्या बाजाराबरोबर तमाशाच्या कनाती लागतात. कंधारला हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या दर्ग्याचा उरूस, लातूरला सुरतशाह वलींचा दर्गा आणि महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा. मोहरमात अंगाला पट्टे रंगवून वाघाचे सोंग काढणारा अनेक गावांत हिंदू असे, आणि त्याच्यापुढे हलगी वाजवणारा मातंग. सवारीपुढे नवस बोलणाऱ्यांत सगळ्या जाती असत. हा सगळा रंगमंच उघडा होता. त्याला तिकीट नव्हते, त्याला परवानगीचीही फारशी गरज पडत नसे. सोंग घेणे, ते वठवणे आणि समोरच्याला दुसऱ्याच्या रूपात शिरू देणे, हे नाटकाचे पहिले धडे आमच्या भागाने तिथे गिरवले.

१९४८ नंतर

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. रझाकारांच्या जुलमातून मराठवाडा सुटला, हे निर्विवाद. त्या लढ्यात संस्थानाविरुद्ध उभे राहिलेले मुसलमानही होते. पोलिस कारवाईच्या आगेमागे जे घडले तेही इतिहासाचाच भाग आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे लिहिले, आणि मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान अंदाजला. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, ते वेगळे झाले १९८२ मध्ये. रझाकारांनी मारलेल्यांची दुःखे आणि नंतर मारल्या गेलेल्यांची दुःखे एकमेकांविरुद्ध उभी करणे आम्हाला मान्य नाही. दोन्ही आमच्याच गावांतली आहेत. पण पहिल्यावर बोलले जाते, दुसरे घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडातच विरून जाते. आमच्या पाहण्यात तरी या दुसऱ्या दुःखाला मराठवाड्याच्या रंगमंचावर क्वचितच जागा मिळाली.

या काळात आणखी एक बदल झाला, तो शांतपणे. उर्दूचे राज्य गेले आणि शाळा-कचेऱ्यांची भाषा मराठी झाली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. ज्यांची वडीलधारी पिढी उर्दूत अर्ज लिहीत होती, त्यांची मुले मराठी कविता पाठ करू लागली. ही मुलेच पुढे मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले लेखक झाली. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघाले. तिथे नरहर कुरुंदकरांसारखा शिक्षक होता. भरताच्या नाट्यशास्त्रावर बोलणारा आणि त्याच दमात मुसलमानांच्या राजकारणाची परखड झाडाझडती घेणारा. त्यांची मते आम्हाला सगळीच पटली असे नाही. तरी समोर बसवून वाद घालावा अशी माणसे गावात असणे, हे त्या गावाच्या रंगभूमीलाही उपकारक असते.

स्पर्धेचे दिवस

मुंबई राज्य सरकारने १९५४ च्या सुमारास नाट्य महोत्सव सुरू केला आणि महाराष्ट्र झाल्यावर त्याला आजच्या स्पर्धेचे रूप आले. कोरोनामुळे लांबलेली साठावी स्पर्धा २०२२ मध्ये पार पडली. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती भरवते. संस्थेने प्रवेशअर्ज भरायचा, अनामत भरायची, लेखकाची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र जोडायचे. मग तारखा ठरतात. नाममात्र तिकिटात रोज एक नाटक, समोर तीन परीक्षक, आणि शेवटी निकाल: निर्मिती, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, अभिनयाची रौप्यपदके. केंद्रावर पहिले आलेले नाटक अंतिम फेरीला जाते.

सांगायला हे चार वाक्यांत होते. करायला सहा महिने लागतात. नाटक बसवणारे शिक्षक, बँकेतले कारकून, एसटीतले कर्मचारी, कॉलेजची पोरे. तालमी शाळेच्या वर्गात, तेही शाळा सुटल्यावर. स्त्री-भूमिकेसाठी घरोघरी जाऊन विनवण्या कराव्या लागतात. नेपथ्याचे फ्लॅट एका टेम्पोत बसतील एवढेच करायचे. लाईटवाला आदल्या रात्रीच मिळतो. तिसरी घंटा होईपर्यंत निर्मात्याच्या जिवात जीव नसतो, कारण बहुतेक वेळा निर्माता म्हणजे दिग्दर्शकच असतो आणि कर्ज त्याच्याच नावावर असते.

या स्पर्धांनीच मराठवाड्याला आपले लेखक दिले. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने १९७३ नंतर औरंगाबादेत शिस्तीचे शिक्षण दिले. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी ही मंडळी तिथल्याच 'जिगीषा'तून मुंबईला गेली. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधून मराठवाडी बोली साऱ्या जगाला ऐकवली. नांदेडच्या दत्ता भगतांनी 'वाटा पळवाटा' लिहून दलित चळवळीचा आतला पेच मंचावर मांडला. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत याच नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला होता. त्या जखमेचा जिल्हा स्वतःचा नाटककार घडवतो आणि तो नाटककार प्रतिपक्षाला शिव्या न देता आपल्याच माणसांना प्रश्न विचारतो, ही मोठी गोष्ट आहे. दलित रंगभूमीने स्वतःची पात्रे स्वतः लिहिली. आम्ही ते अजून पुरेसे केलेले नाही.

मंचावरचा मुसलमान

मराठी नाटकात मुसलमान नाही असे नाही. तो आहे, पण बहुधा ऐतिहासिक नाटकात. वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'मध्ये प्रभाकर पणशीकरांनी उभा केलेला औरंगजेब हा अभिनयाचा वस्तुपाठ होता, यात शंका नाही. पण पणशीकरांची ताकद नसलेल्या शंभर गावांतल्या शंभर नटांनी तोच औरंगजेब, तोच अफजलखान केला, तेव्हा उरली ती फक्त दाढी, डोळे वटारणे आणि मोडकी हिंदी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये खानाची भूमिका वर्गातल्या एकमेव मुसलमान मुलाच्या गळ्यात घातली जाई. त्यात कुणाचा दुष्टपणा नसे. सवय असे. पण त्या मुलाला मंचाची ओळख होते ती वाघनखे पोटात खाणारा म्हणून.

दुसरा प्रकार विनोदी पात्राचा. पानवाला, टांगेवाला, पहिलवान. तो "कायकू", "नक्को" म्हणतो आणि लोक हसतात. 'कायकू' आणि 'नक्को' ही आमच्या घरांतली दखनी बोली आहे. तिच्यात आम्ही रडतो, लग्ने जमवतो, मयतीला जातो. 'नक्को'मध्ये मराठीचा 'नको' जसाच्या तसा बसला आहे, हे हसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आमची बोली म्हणजे मराठीची बहीण, तिला नकलेपुरती मंचावर आणले जाते.

याला छेद देणारी नाटकेही मराठीतच झाली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. गिरीश कर्नाडांच्या 'तुघलक'चे मराठी रूप विजय तेंडुलकरांनी केले आणि १९७१ मध्ये 'आविष्कार'ने अरुण सरनाईकांना घेऊन ते केले. ज्या दौलताबादेला १३२७ साली राजधानी हलली ती आमच्याच मराठवाड्यात. तिथे मुसलमान सुलतान खलनायक नाही, स्वप्नांनी आणि संशयाने पोखरलेला माणूस आहे. 'सखाराम बाइंडर'मधला दाऊद तर साधा मित्र. तो गणपतीच्या आरतीत सूर मिसळतो, लक्ष्मी त्याला मुसलमान म्हणून अडवते आणि सखाराम भडकतो. एका छोट्या प्रसंगात तेंडुलकरांनी आपल्या गल्लीबोळांतला सगळा गुंता दाखवला. शफाअत खान यांनी असगर वजाहत यांच्या नाटकावरून 'राहिले दूर घर माझे' केले आणि 'शोभायात्रा'त इतिहासाची सोंगे घेणाऱ्या आजच्या माणसांना आरसा दाखवला. आणि 'घाशीराम कोतवाल'? १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात उभ्या राहिलेल्या त्या नाटकाचा दिग्दर्शक जब्बार पटेल नावाचा डॉक्टर होता. मराठी लोकनाट्याचे इतके अस्सल भान दाखवणारे नाटक एका मुसलमानाने बसवले, याचे तेव्हा कुणाला नवल वाटले नाही, हेच मराठी रंगभूमीचे मोठेपण. शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याचे एक विभागीय संमेलन लातूरला झाले. लहान गाडीच्या रुळावरचा पंढरपूरचा मुलगा आणि शेवटचे स्टेशन लातूर, असा तो दुवा जुळला.

येणाऱ्या हंगामासाठी

मग अडते कुठे? आमच्या मते दोन्हीकडे अडते. बाहेरून अडते ते संशयामुळे. आमच्या नावाच्या लेखकाने १९४८ वर लिहिले तर लगेच हेतू शोधला जाईल, ही भीती खोटी नाही. आतून अडते ते मौनामुळे आणि धाकामुळे. नाटक-तमाशा हराम म्हणणारी वाणी आमच्या मोहल्ल्यांत गेल्या काही दशकांत वाढली. मोहरमच्या वाघाला ज्या आजोबांनी रंग लावला, त्यांच्याच नातवाला आता तालमीला जाताना वाट बदलावी लागते. आणि मुलीने मंचावर उभे राहणे तर दूरच. पहिल्या भीतीवर आपण तावातावाने बोलतो. दुसरीवर घरात बोललो तरच पहिलीवर बोलण्याचा आपला अधिकार राहील.

आम्ही कविता लिहिली, आत्मकथने लिहिली, वैचारिक लेखन केले. नाटकाकडे मात्र कमी वळलो. कारण कविता एकट्याने लिहिता येते, नाटकाला दहा माणसे लागतात, आणि ती दहाही आपल्या मोहल्ल्यातली असून चालत नाही. नेमका हाच नाटकाचा गुण आहे. शेख आणि कांबळे, देशमुख आणि पठाण एका वर्गखोलीत दोन महिने रोज रात्री नऊ ते बारा एकमेकांचे संवाद पाठ करतात, चहाचे पैसे वाटून देतात, एकमेकांच्या घरच्या अडचणी ऐकतात. सद्भावनेच्या शंभर सभांनी जे होत नाही ते एका नाटकाच्या तालमींनी होते.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. नांदेड आणि लातूरच्या पुढच्या वेळापत्रकात एखादी संहिता अशी असावी, जिच्यात बाप उर्दूत शिकलेला आहे आणि मुलगा मराठीचा शिक्षक आहे. एखादी अशी, जिच्यात १९४८ सालच्या दोन्ही बाजूंच्या विधवा एकाच आडावर पाणी भरायला येतात. एखादी अशी, जिच्यात दखनी बोलणारी बाई हसवायला आलेली नाही. विषय आपल्या अंगणात पडलेले आहेत. अर्ज दरवर्षी निघतो, सभागृह आहे, समोर बसणारा रसिकही आहे. लेखकाच्या नावाची जागा आपण भरायची आहे.